कांचन, तू मोठी दिसू नयेस म्हणून

कांचन,

काल संध्याकाळी आम्ही ढाणकीहून, तुझ्या सासरहून, परत आलो. आई गाडीतून उतरल्या त्या सरळ गोठ्याकडे गेल्या, घरात यायलाच तयार नव्हत्या. तुझे दादा ओसरीवर बसून राहिले. कोणाच्या तरी पोटात चार घास जायला हवेत म्हणून मी पीठ काढलं, परातीपुढे बसले, आणि हातच चालेना. या स्वयंपाकघरात तुझी-माझी जेवढी भांडणं झाली तेवढी माझी नवऱ्याशीसुद्धा झाली नाहीत. नणंद-भावजयीचं भांडण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे साड्या आणि दागिने येतात. आपलं भांडण अर्ध्या भाकरीवरून असायचं. मी वाढायची, तू ती मोडून परत टोपल्यात टाकायचीस, मी पुन्हा वाढायची.

भेटायला येणारे म्हणतात, कांचन फार शांत होती, गुणाची होती, कधी कशाचा हट्ट केला नाही. मी मान हलवते. तुझ्याएवढी हट्टी मुलगी मी जन्मात पाहिली नाही, पण हे आता कोणाला सांगू? ज्या हट्टाने शिकलीस त्याच हट्टाने गेलीस, असं मनात येतं आणि मग मला तुझाच राग येतो. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावणार. तेवढा माझा हक्क आहे.

मी या घरात सून म्हणून आले तेव्हा तू सातवीत होतीस. माझे वडील पुसदला कचेरीत कारकून. आमच्याकडे शेत नव्हतं, पण पानात कोणाला काय वाढायचं याचा वेगळा विचार कोणी करत नसे, जे शिजेल ते सगळे खायचे. इथे पांढरकवड्याजवळच्या या गावात दाराशी कापूस, घरात तुरीची पोती, आणि उंबऱ्यात ओवाळायला उभी असलेली तू. मला वाटलं, चौथीतली असेल. 'कोणत्या वर्गात गं?' म्हणून मी तुझ्या गालाला हात लावला, तर तू तो झटकलास.

"सातवीत हाय मी. अन् पयला नंबर हाय माहा."

घरात पाऊल टाकल्या टाकल्या नणंदेने हात झटकला, म्हणून मी तुझ्या दादांकडे तक्रारसुद्धा केली होती. ते हसले. म्हणाले, तिच्या वाटेला जाऊ नकोस.

हळूहळू घरातले कायदे कळले. तुझ्या पानात तीळ नाहीत, शेंगदाणे नाहीत, गूळ नाही. दादांसाठी अंडं उकडलं तर ते तुझ्यासमोर सोलायचं नाही. दूध तर नावालासुद्धा नाही. हे सगळं 'गरम', पोरीच्या जातीला लवकर वाढवतं. मी म्हटलं, झालं, मुलाला एक आणि मुलीला एक. सासूबाईंशी दोन-चार दिवस तोंड फुगवून वागलेसुद्धा. तेव्हा मला रेखाताईची गोष्ट माहीत नव्हती.

ती आईंनीच सांगितली, कापूस वेचता वेचता, माझ्याकडे न बघता. रेखाताई, तुझी थोरली बहीण, उफाड्याची पोर. आठवीतच आईच्या डोक्याला तिचं डोकं लागलं आणि ती सोयऱ्यांच्या डोळ्यांत भरली. त्या वर्षांत कापसाचा काही भरवसा राहिला नव्हता. एका हंगामात अळी, एकात पावसाची दडी, एकात सगळं साधलं तर भाव नाही. दाराशी पीक दिसतंय तोवर पोरगी उजवून टाकावी, पुढचं साल कोणी पाहिलंय, हे बाबांचं म्हणणं आणि गावातल्या सगळ्याच बापांचं म्हणणं. दहावीची परीक्षा तोंडावर असताना रेखाताईला हळद लागली. तिने पुस्तकं सासरी नेली होती म्हणे. ती तिथे कधी उघडली गेली नाहीत.

"एक गेली," आई म्हणाल्या. "हे नाई जाऊ देत मी. हे मोठी दिसलीच नाई पायजे कोणाले."

बाबांपुढे बोलायची त्यांची छाती नव्हती. शेत, शाळा, लग्न, यातलं काहीच त्यांच्या हातात नव्हतं. हातात होतं ते भाकरीचं टोपलं. मोठी दिसली की स्थळ येतं, स्थळ आलं की शाळा सुटते, तर मग पोरीला मोठी दिसूच द्यायची नाही, असा त्यांचा हिशेब. मायेपोटी कोणी आई असं करते हे मला पुसदला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण त्या स्वतः जेवताना तुझ्याकडे बघत नसत, हे मी पाहिलंय. तुझं पान उचललं गेलं की मगच त्या घास तोंडात घालायच्या.

आणि तुला हे सगळं ठाऊक होतं. मला पचायला जड गेलं ते हे. आई उपाशी ठेवते म्हणून तू बिचारी, असं मी धरून चालले होते. संक्रांतीला माहेराहून तिळाचे लाडू आणले, आई विहिरीवर गेल्या असं पाहून एक तुझ्या मुठीत कोंबला. तू तो घेऊन गोठ्यात गेलीस आणि माझ्यादेखत बैलाला चारलास.

"त्याले वाढू द्या, वयनी. त्याचं लगन नाई कराचं आपल्याले."

मला हसू आलं आणि रागही आला. मी तुला तिथेच, शेणाच्या पाट्यांमध्ये उभं करून सगळं ऐकवलं. कॉलेजात शिकले होते तेवढं सारं. की याच वयात हाडं भरतात, रक्त भरतं, हे दिवस गेले की मग कितीही खा, ते भरून येत नाही, आणि बाईच्या जातीला पुढे बाळंतपणात ते सगळं लागतं. तू बैलाच्या पाठीवरून हात फिरवत ऐकून घेतलंस.

"पुढचं पुढं पाहू. आता मले दहावी पायजे का नाई, ते सांगा."

मी शेणाची एक पाटी उचलली आणि बाहेर निघून गेले. 

तुला खाण्यातलं कळत नव्हतं असं मात्र कोणी म्हणू नये. भुलाबाईच्या दिवसांत आपल्या अंगणात गावच्या पोरी जमायच्या, गाणी म्हणून झाली की खाऊ ओळखायचा खेळ. डबा नुसता कानाशी हलवला की तू सांगायचीस, करंजी, वाटली डाळ, मुरमुऱ्याचा चिवडा, आणि चिवड्यात खोबरं आहे की नाही तेसुद्धा. बाकीच्या पोरी चिडायच्या. मग तुझ्या वाट्याचा खाऊ तू परकराच्या ओच्यात घ्यायचीस आणि घरी पोचेपर्यंत तो लहान पोरींच्या तोंडात गेलेला असायचा. त्या घोळक्यातही तू लहान पोरींच्यातच उभी राहायचीस, कारण ओट्यावर बसलेल्या बाया गाणी ऐकायला थोड्याच आलेल्या असत. कोणाची पोर यंदा केवढी झाली, हे पाहायला आलेल्या असत.

तू नववीत गेलीस आणि व्हायचं ते झालंच. वणीकडचे सोयरे आले. आईंनी तुला शाळेचा जुना झगा घातला, दोन वेण्या, लाल रिबिनी. तू चहाचा ट्रे घेऊन गेलीस, खांदे पाडून, मान आत ओढून. पाहुण्यांतल्या म्हाताऱ्याने तुझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं.

"पोरगी तं लयच लहानी हाय अजून, पाटील."

बाबा ओशाळले. "हो. अंगानं नाई भरली. पाहू मंग दोन-एक सालानं."

ते गेले आणि तू स्वयंपाकघरात आलीस, आईंच्या गळ्यात पडलीस, आणि दोघी मायलेकी तोंडावर आईंचाच पदर घेऊन हसत सुटलात. सासूबाईंना असं हसताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. मीही हसले, कांचन. खोटं कशाला बोलू, त्या घटकेला मलाही वाटलं, जिंकलो. मग तू पाणी घ्यायला वाकलीस आणि तुझे डोळे फिरले. मी धरलं म्हणून तुझं डोकं फरशीवर आपटलं नाही. कापसाने भरलेली ओटी उचलावी एवढासुद्धा तुझा भार लागला नाही मला. शुद्धीवर आलीस तेव्हा मी गुळाचं पाणी तुझ्या ओठांना लावलं, तर तू ओठ घट्ट मिटलेस. माझं डोकं फिरलं. ओरडलेच मी तुझ्यावर. तू पडल्या पडल्या, दमलेल्या आवाजात म्हणालीस,

"वयनी, तुमी मले खाऊ घालून राह्यल्या का सासरी धाडून राह्यल्या?"

आईंनी माझ्या हातातला पेला काढून घेतला. त्या दिवसानंतर या विषयावर आईंशी मी कधी बोलले नाही. तुझ्याशी मात्र रोज भांडत राहिले.

पुढे तू हुशारी केलीस. उपास धरायला लागलीस. सोमवार देवाचा, गुरुवार आणखी कोणाचा, शनिवार मारुतीचा. मारुतीचा उपास तू कधीपासून करायला लागलीस असं मी विचारलं तर म्हणालीस, त्याचं तरी कुठं लग्न झालंय. येणारे-जाणारे म्हणायचे, पोर केवढी देवभोळी. तू मान खाली घालून बसायचीस आणि माझ्याकडे चोरून बघायचीस, मी फुटेन की काय म्हणून. मी कधी फुटले नाही. पोरी असे उपास का धरतात हे गावातल्या सगळ्या बायांना ठाऊक, पण आपल्या घरातलं सोंग मी सांभाळलं.

बाकीच्या पोरींना जे सातवी-आठवीत येतं ते तुला अकरावीत आलं. तू मला गोठ्यामागे बोलावून सांगितलंस आणि ओक्साबोक्शी रडलीस, कोणी मेल्यासारखी. आईंनी ते बाबांपासून किती तरी महिने लपवलं. एवढ्या उशिरा आलं म्हणून त्यांनी देवीला नारळ फोडला. त्या नारळाचं खोबरं मी तुला खायला लावलं. ते तेवढं तू खाल्लंस, प्रसाद होता म्हणून.

आणि तुझं सगळं साधलं. दहावी झाली, पांढरकवड्याला एस.टी.ने जाऊन बारावी झाली, यवतमाळला डी.एड. झालं. बाबा थकले, मवाळ झाले, मास्तरीण पोरीचा त्यांना अभिमान वाटायला लागला. नोकरी लागल्यावर तूच तुझ्याच शाळेतला एक शिक्षक पसंत केलास आणि साडी नेसून, ताठ मानेनं बोहल्यावर उभी राहिलीस. पाटाखाली आणखी एक पाट सरकवावा लागला, एवढाच काय तो फरक. रेखाताई मांडवात एका कोपऱ्यात बसून तुझ्याकडे बघत होती. मी तिला विचारलं, काय पाहतेस? ती म्हणाली, मी अशी उभी राहिली असती तर कशी दिसली असती, ते पाहून राह्यली.

लग्नानंतर तू आलीस तेव्हा मी म्हटलं, आता तरी खा. आता कोणाची भीती? मी पान भरून वाढलं. तू दोन घास खाल्लेस आणि पान सरकवलंस.

"आता भूकच नाई लागत, वयनी. पोट लहानं होऊन गेलं माहं."

तू हे हसून म्हणालीस. मी त्यानंतर किती तरी दिवस हसले नाही.

ढाणकीत दहाव्याच्या आधी एक बाई मला भेटायला आली, तू शिकवायचीस त्या वर्गातल्या एका मुलीची आई. तिच्याकडून मला कळलं ते तू मला एवढ्या वर्षांत सांगितलं नाहीस. शाळेत खिचडी वाटली जायची तेव्हा तू आठवीच्या मुलींपुढे उभी राहायचीस, पान चाटूनपुसून होईपर्यंत एकीलाही उठू द्यायची नाहीस. या बाईची पोर अर्धं सांडून द्यायची. का, ते तू न विचारता ओळखलंस. तिला बाजूला घेऊन म्हणालीस, "तू पोटभर खाय. सोयऱ्यांचं मी पाहून घेतो." आणि खरंच तिच्या घरी जाऊन बसलीस, तिच्या बापाशी दोन-चारदा भांडलीस, दाराशी आलेलं स्थळ परत जाईपर्यंत. ती पोर आता तुझ्यापेक्षा उंच आहे, असं तिची आई म्हणाली. म्हणजे भांडण मी जिंकले होते तर. आणि तू मला ते कळू दिलं नाहीस, हट्टी कुठली. तुझ्यासाठी असं म्हणणारं कोणी नव्हतं, कांचन. मी नवी सून, माझ्या हातात पळी होती, पण सोयऱ्यांपुढे उभं राहायची माझी त्या घरात काय पत होती? तुला ती तुझ्या शिक्षणाने दिली, आणि ते शिक्षण तू उपाशी राहून मिळवलंस. विचार करत मी इथवर येते आणि माझं डोकं चालेनासं होतं. तू खाल्लं असतंस तर आज रेखाताईसारखी असतीस. चूल सांभाळणारी, दहावी न झालेली, आणि जिवंत. यातलं काय बरं, हे तू मला सांगायला हवं होतंस. हे भांडण असं अर्ध्यावर टाकून जायला नको होतंस.

दिवस राहिले तेव्हा तुझा फोन आला. रक्त कमी आहे म्हणतात, गोळ्या दिल्यात, खाते आहे, वहिनी, आता खाते आहे, खरंच. तू इतकं शुद्ध बोलायला लागलीस की मला तुझी काळजी वाटायची. घाबरलीस की तू मास्तरणीसारखी बोलायचीस. मी जवसाची चटणी, मेथीचे लाडू, शेंगदाण्याचा कूट, जे सुचेल ते बांधून पाठवत राहिले. सगळं खाल्लंस म्हणे. पण ते वय निघून गेलं होतं.

यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. तरुण होत्या, तुझ्याच वयाच्या असतील. म्हणाल्या, कंबरेचं हाड वाढलेलंच नाही, अंगात रक्त मुळातच नव्हतं, जेवढं होतं ते गेलं, आम्ही चढवत होतो तरी थांबलं नाही. मग त्यांनी विचारलं, "लहानपणी काही मोठं दुखणं झालं होतं का?" तुझे दादा नाही म्हणाले. मी आईंकडे पाहिलं नाही, पण त्या माझ्या शेजारीच उभ्या होत्या.

"नाई," त्या म्हणाल्या. "आजारी कधी पडलीच नाई बापा ते."

तुझी मुलगी आहे, कांचन. तुझ्या सासूच्या मांडीवर असते. बाटलीचं दूध असं ओढते की बाटली चपटी होते, आणि संपलं की भोकाड पसरते. घरभर तिचाच आवाज आहे. कोणी तिला थांबवत नाही.

दहाव्याच्या सकाळी आम्ही बाया स्वयंपाकघरात होतो. तुझ्या सासूने पदर खोचला, चुलीपुढे बसल्या आणि सहज विचारावं तसं आईंना विचारलं, "विहीणबाई, कांचनला काय आवडायचं खायला? पिंडाजवळ तेच ठेवू."

 तुझा नवरा दाराशी होता, तो म्हणाला, तिची खास अशी आवड नव्हती. रेखाताईला आठवेना. मग सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, कारण वर्षानुवर्षं मीच तुला वाढलं होतं. आणि मला सांगता येईना. मी आठवत राहिले आणि मला फक्त तू परत टोपल्यात टाकलेली अर्धी भाकर दिसत राहिली. कशाची आवड होती तुला? गोडाची? तिखटाची? एवढी वर्षं एका घरात राहून माणसाला हे माहीत नसावं?

"तिले सारंच आवडे," आई म्हणाल्या. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, आवाज अगदी बारीक. "लहानी होती तवा सारंच मागे ते. तीळ मागे, गूळ मागे, दूध मागे. पोळी तुपासंगं मागे. मीच नाई म्हणत होती."

 मग तुझ्या सासूने उठून डबे काढले आणि आम्ही सगळंच रांधलं. पुरण घातलं, खीर केली, भरली वांगी, पातळ भाजी, वरण-भात, वर तुपाची धार. तिळाचे लाडू रेखाताईने वळले. आई एकट्या बसून शेंगदाणे सोलत राहिल्या. एवढं सगळं एका पानावर मावेना, म्हणून दोन पानं एकाला एक जोडून घेतली.

पुरुष माणसं ते घेऊन नदीवर गेली आणि आम्हाला वाटलं त्याच्या किती तरी आधी परत आली. तुझे दादा म्हणाले, पान खाली ठेवायचा अवकाश, कावळा आला. हाकसुद्धा मारावी लागली नाही. जमलेले लोक समाधानाने बोलत होते, चांगलं झालं, बाईची कशात इच्छा राहिली नाही, सुखाने गेली. मीही हात जोडले. पण मला ते पटलं नाही, कांचन. तुला भूक लागली होती.